विश्लेषण : प्रबंध वर्डमध्ये लिहावा की 'लेटेक'मध्ये? परभणीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी काय आणि केव्हा शिकावे?

प्रयोग संपलेला असतो, पिकाची काढणी होऊन आकडेवारी हाती आलेली असते, सांख्यिकी विश्लेषणही झालेले असते. तरीही प्रबंध सादर करण्याआधीचे शेवटचे काही आठवडे विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातात. कारण संशोधन नव्हे, टंकलेखन. मार्गदर्शकांनी चौथ्या प्रकरणात एक तक्ता वाढवायला सांगितला की पुढच्या सगळ्या तक्त्यांचे क्रमांक बदलतात. मजकुरात जेथे जेथे 'तक्ता ४.७ पाहा' असे लिहिले आहे, तेथे हात घालावा लागतो. अनुक्रमणिकेतील पाने सरकतात. संदर्भसूचीतील दोन नावे मजकुरात सापडत नाहीत आणि मजकुरातील तीन नावे सूचीत नसतात. मग डीटीपी सेंटरवर रात्र काढावी लागते.

हे काम संगणकावर सोपवता येते. त्यासाठी जगभरातील गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी 'लेटेक' नावाची मोफत अक्षरजुळणी प्रणाली वापरतात. कृषी, समाजशास्त्र किंवा मराठीच्या विद्यार्थ्याला ती उपयोगी पडेल का, किती वेळ जाईल आणि कोणी या वाटेला जाऊ नये, याचा हा आढावा.

परभणीत हा प्रश्न महत्त्वाचा का?

परभणी हे विद्यापीठाचे शहर आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, म्हणजे आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, याच शहरात आहे. 'परभणी क्रांती' ही भेंडी, 'परभणी मोती' ही ज्वारी अशी वाणे याच विद्यापीठाची. कृषी, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, सामुदायिक विज्ञान अशा शाखांतील विद्यार्थी येथे पदव्युत्तर आणि आचार्य पदवीसाठी प्रबंध लिहितात. शिवाय शहरातील ज्ञानोपासक, श्री शिवाजी यांसारखी महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि तेथील संशोधकांत मराठीतून प्रबंध लिहिणारेही असतात.

म्हणजे एकाच शहरात दोन वेगळ्या गरजा आहेत. एकीकडे आकडे, तक्ते आणि शास्त्रीय नावांनी भरलेला इंग्रजी प्रबंध, तर दुसरीकडे देवनागरीतील तीनशे पानांचा सलग मजकूर. लेटेक दोन्हीकडे चालते, पण दोन्हीकडे सारखे सोपे नाही.

लेटेक म्हणजे नेमके काय?

आधी उच्चार. हातमोज्यांच्या रबराला इंग्रजीत 'लेटेक्स' म्हणतात आणि या प्रणालीचे स्पेलिंगही तेच आहे. मात्र शेवटचे अक्षर ग्रीक 'काय' असल्याने उच्चार 'लेटेक' किंवा 'लाटेक' असा होतो. इंटरनेटवर शोधताना सोबत 'थीसिस' हा शब्द टाकावा, नाहीतर हातमोजेच दिसतात.

वर्डमध्ये जसे टाइप कराल तसे पान समोर दिसते. लेटेकमध्ये तसे नसते. येथे एका साध्या मजकूर फाइलमध्ये आपण लिहितो आणि 'हे प्रकरणाचे नाव', 'हा तक्ता', 'हा संदर्भ' एवढेच सांगतो. उदाहरणार्थ, नवे प्रकरण सुरू करायचे असेल तर उलटी तिरकी रेघ, तिला जोडून 'चॅप्टर' हा शब्द आणि महिरपी कंसात प्रकरणाचे नाव, असे रोमन लिपीत टाइप करायचे. अक्षर किती मोठे, ठळक की साधे, नवीन पानावर की चालू पानावर, क्रमांक कोणता, हे प्रणाली ठरवते. नंतर 'कंपाइल' केले की पीडीएफ तयार होते.

लिहिणाऱ्याने अर्थ सांगायचा आणि मांडणी यंत्राने करायची, अशी ही विभागणी आहे. पूर्वी छापखान्यात हस्तलिखित लेखकाचे आणि खिळे जुळवणे जुळाऱ्याचे, असे जे वाटप होते, तेच येथे संगणकावर होते.

ही प्रणाली आली कोठून?

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ मध्ये छपाईला गेली होती. खिळ्यांची जुनी छपाई जाऊन फोटो टाइपसेटिंग आले होते आणि नव्या मुद्रितांचा दर्जा त्यांना पसंत पडला नाही. त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव 'टेक'. तिच्या आवृत्तीचा क्रमांक दर सुधारणेनंतर ३.१४, ३.१४१ असा 'पाय' या गणिती संख्येकडे सरकतो. चूक शोधून देणाऱ्याला क्नूथ २.५६ डॉलरचे बक्षीस देऊ लागले आणि ही रक्कम पुढे वाढवत नेली.

'टेक' शक्तिशाली होती, पण सामान्य लेखकाला किचकट. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर सोप्या आज्ञांचा थर चढवला, तेच लेटेक. क्नूथ यांना १९७४ चा आणि लॅम्पोर्ट यांना २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज वापरात असलेली लेटेकची मुख्य आवृत्ती १९९४ ची असून तिच्यात सतत सुधारणा होत असतात. संपूर्ण प्रणाली मुक्त आणि मोफत आहे.

भारतातही या कामाची जुनी परंपरा आहे. तिरुवनंतपुरम येथे वापरकर्त्यांचा भारतीय गट उभा राहिला आणि २००२ मध्ये 'टेक' वापरकर्त्यांची जागतिक परिषद त्याच शहरात भरली.

वर्डपेक्षा फायदा कोणता?

सर्वांत मोठा फायदा क्रमांकांचा. समजा, भेंडीच्या उत्पादनाचा तक्ता आहे. त्याला 'भेंडी-उत्पादन' अशी एक खूणचिठ्ठी रोमन अक्षरांत लावायची. मजकुरात त्या तक्त्याचा उल्लेख करताना ४.७ हा आकडा लिहायचाच नाही, त्या चिठ्ठीचे नाव लिहायचे. आकडा प्रणाली भरते. आधी दोन तक्ते घुसवले, तर तोच तक्ता आपोआप ४.९ होतो आणि सर्व उल्लेखही बदलतात. अनुक्रमणिका, तक्त्यांची यादी, आकृत्यांची यादी या तिन्ही आपोआप तयार होतात.

यामागचे तंत्र समजून घेतले तर नवख्याचा गोंधळ वाचतो. पहिल्यांदा कंपाइल करताना प्रणाली सगळे क्रमांक एका वेगळ्या फाइलमध्ये नोंदवते आणि दुसऱ्या फेरीत ते मजकुरात बसवते. म्हणून पहिल्या फेरीनंतर क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात. पुन्हा कंपाइल करायचे. तरीही प्रश्नचिन्हे राहिली, तर चिठ्ठीच्या नावात चूक आहे असे समजावे. सादर करण्यापूर्वी पीडीएफमध्ये ही जोडचिन्हे शोधणे हा शेवटचा तपास.

दुसरा फायदा शास्त्रीय नावांचा. कृषी प्रबंधात पीक, कीड आणि बुरशी यांची लॅटिन नावे तिरक्या अक्षरांत लागतात. दोनशे पानांत एखादे नाव साध्या अक्षरांत राहिले की परीक्षकाच्या डोळ्यात भरते. लेटेकमध्ये प्रत्येक नावाची एक छोटी आज्ञा एकदाच तयार करून ठेवता येते. ती लिहिली की नाव दर वेळी त्याच स्पेलिंगने आणि तिरक्या अक्षरांतच उमटते.

तिसरा फायदा फाइलचा. वर्डची मोठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फॉन्ट नसला की पाने सरकतात. लेटेकमधून येणाऱ्या पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेले असतात. झेरॉक्सच्या दुकानात ती जशीच्या तशी छापली जाते. मूळ मजकूर फाइल तर काही शे केबींची असते. ती स्वतःला ईमेल करून ठेवता येते आणि अनेक वर्षांनीही कोणत्याही संगणकावर उघडते.

मग वर्डमध्ये हे होतच नाही का?

होते. ही गोष्ट लेटेकचे समर्थक फारशी सांगत नाहीत. वर्डमध्ये 'स्टाइल्स' ही सोय आहे. शीर्षकाला 'हेडिंग १', उपशीर्षकाला 'हेडिंग २' अशी स्टाइल दिली तर अनुक्रमणिका आपोआप बनते. तक्त्यांना 'इन्सर्ट कॅप्शन'मधून क्रमांक दिले आणि 'क्रॉस रेफरन्स' वापरला, तर तेही क्रमांक आपोआप बदलतात. अडचण वर्डची नसून सवयीची आहे. शीर्षक निवडायचे, ठळक करायचे, आकार १४ करायचा आणि क्रमांक हाताने टाइप करायचा, अशीच बहुतेकांची पद्धत असते.

म्हणून ज्यांच्या हाती दोन महिन्यांपेक्षा कमी वेळ आहे, त्यांनी लेटेकच्या मागे न लागता वर्डमधील या तीन सोयी शिकाव्यात. एका दिवसाचे काम आहे आणि निम्मा त्रास तेथेच वाचतो.

टक्क्याचे चिन्ह घात कसा करते?

लेटेकमध्ये काही चिन्हांना खास अर्थ आहे. त्यांतले सर्वांत धोक्याचे चिन्ह म्हणजे टक्का. टक्क्याच्या चिन्हापासून त्या ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर प्रणाली लेखकाची खासगी टीप समजते आणि छापत नाही. 'बियाण्यातील ओलावा १२ % असताना उगवण चांगली झाली' असे लिहिले, तर पीडीएफमध्ये 'बियाण्यातील ओलावा १२' एवढेच उरते. चुकीचा संदेशही येत नाही. कृषी प्रबंधात टक्के जागोजागी असतात, त्यामुळे हा फटका बसू शकतो. उपाय सोपा आहे. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची.

'आणि' या अर्थाचे इंग्रजी चिन्ह, खालची आडवी रेघ, डॉलर आणि हॅश यांनाही असाच खास अर्थ आहे. दोन लेखकांच्या नावांमध्ये ते 'आणि'चे चिन्ह तसेच ठेवले तर कंपाइल करताना चूक दिसते. फाइलच्या नावातील खालची आडवी रेघ मजकुरात आली तर 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' असा संदेश येतो आणि नवखा विद्यार्थी डॉलर शोधत बसतो.

चुकांच्या यादीला घाबरू नये. एका विसरलेल्या कंसामुळे पन्नास चुका दिसू शकतात. फक्त पहिली चूक वाचायची, तिथे दिलेल्या ओळीवर जायचे, ती दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचे. बाकीच्या बहुतेक आपोआप जातात. मात्र एकदम वीस पाने लिहून मग कंपाइल करण्यापेक्षा प्रत्येक परिच्छेदानंतर करणे शहाणपणाचे.

तक्त्यांचे काय?

ही लेटेकची खरी अवघड बाजू आहे आणि कृषी प्रबंधाचा कणाच तक्ते असतात. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनमधील दहा ट्रीटमेंट, दोन हंगाम, त्यांची सरासरी आणि खाली स्टँडर्ड एरर व क्रिटिकल डिफरन्सच्या ओळी. असा तक्ता हाताने लेटेकमध्ये टाइप करणे कंटाळवाणे आहे. प्रत्येक रकाना चिन्हाने वेगळा करावा लागतो आणि एक चिन्ह कमी पडले की सगळी ओळ बिघडते.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, एक्सेलमधील तक्ता लेटेकच्या रूपात बदलून देणारी मोफत साधने वापरणे. दुसरी, विश्लेषण 'आर' या मोफत सांख्यिकी प्रणालीत केले असेल, तर तिच्यातील 'एक्सटेबल' हे पॅकेज तक्ता थेट लेटेकच्या भाषेत देते. त्यामुळे आकडे हाताने उतरवताना होणाऱ्या चुका टळतात. तिसरी, एक तक्ता नीट बसवून घ्यायचा आणि पुढचे सगळे त्याच साच्यावर करायचे. कृषी शाखेत अनेक जण 'ओपीस्टॅट'सारख्या संकेतस्थळावर विश्लेषण करतात. त्यांना निकाल आधी एक्सेलमध्ये आणून पहिली वाट धरता येते.

एका पानात न मावणाऱ्या तक्त्यासाठी 'लाँगटेबल' आणि आडव्या पानासाठी 'पीडीएफ लँडस्केप' ही पॅकेजे आहेत. सही-शिक्क्याची प्रमाणपत्रे स्कॅन करून 'पीडीएफ पेजेस' या पॅकेजने जागेवर बसवता येतात.

संदर्भसूची आपोआप कशी होते?

संदर्भांची एक वेगळी फाइल ठेवायची. तिच्यात प्रत्येक शोधनिबंधाची नोंद एकदाच करायची : लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पाने. प्रत्येक नोंदीला एक छोटे नाव असते. मजकुरात ते नाव लिहिले की 'लेखक आणि वर्ष' असा उल्लेख उमटतो आणि शेवटच्या सूचीत तीच नोंद वर्णानुक्रमे येते. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही तो संदर्भ सूचीत येतच नाही. सूचीत नसलेल्याचा उल्लेख केला, तर प्रश्नचिन्ह दिसते.

नोंदी हाताने टाइप करण्याची गरज नाही. गूगल स्कॉलरवर 'साइट' या पर्यायाखाली 'बिबटेक' हा दुवा असतो, तेथून नोंद उचलता येते. 'झोटेरो' हे मोफत साधन ब्राउझरमधूनच नोंदी जमा करते आणि त्याच नोंदी वर्डमध्येही वापरता येतात. त्यामुळे पुढे लेटेक सोडावे लागले तरी ही मेहनत वाया जात नाही. मात्र उचललेल्या नोंदी तपासाव्या लागतात. लेखकाचे आडनाव आणि नाव उलटे पडणे, शीर्षकातील शास्त्रीय नाव साध्या अक्षरांत येणे, नियतकालिकाचे नाव अर्धवट असणे या नेहमीच्या चुका आहेत.

मराठी प्रबंधासाठी लेटेक चालते का?

चालते, पण 'झीलेटेक' किंवा 'लुआलेटेक' या युनिकोड जाणणाऱ्या यंत्रणांतून. संगणकावर देवनागरीची वाट तशी जुनी आहे. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये 'टेक'साठी देवनागरीची सोय केली होती, पण तिच्यात रोमन अक्षरांत लिप्यंतर करून लिहावे लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे 'झीटेक' आले आणि युनिकोडमधील मराठी थेट टाइप करता येऊ लागले. आज मोबाइलवर ज्या मराठी कीबोर्डने संदेश लिहितो, त्याच युनिकोडमध्ये प्रबंध लिहिता येतो.

मराठीची भाषा म्हणून नोंद करणे मात्र विसरू नये. 'पॉलिग्लॉसिया' किंवा 'बेबल' या पॅकेजमध्ये मुख्य भाषा मराठी अशी निवडली, तर 'प्रकरण', 'अनुक्रमणिका' अशी नावे मराठीत येण्याची सोय होते. ज्या फॉन्टमध्ये व्यवस्था आहे तेथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न उमटता मराठी वळणाचे उमटतात. 'दऱ्या', 'कऱ्हाड' यांतील अर्धा र नीट येतो की नाही, हे फॉन्ट निवडतानाच पाहावे. आयआयटी मुंबईने तयार केलेला 'शोभिका' हा मोफत फॉन्ट विद्वत्तापूर्ण लेखनासाठीच बनवलेला आहे.

खरा प्रश्न जुन्या फॉन्टचा आहे. अनेक डीटीपी सेंटरवर अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेखन होते. कागदावर ते देखणे दिसते. पण त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरे नसतात, रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रे असतात. आचार्य पदवीचे प्रबंध आता ग्रंथालयाच्या कपाटात संपत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार त्यांची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात जाते. कृषी प्रबंधांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे 'कृषिकोश' हे भांडार आहे. जुन्या फॉन्टमधील प्रबंध तेथे चढला तरी 'दुष्काळ' किंवा 'ऊसतोड' असा शब्द शोधणाऱ्याला त्याचा मजकूर सापडत नाही. चार-पाच वर्षांची मेहनत डोळ्यांना दिसते, शोधाला दिसत नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर नीट वाचता येत नाही.

म्हणून मराठी विद्यार्थ्याने लेटेक शिकावे की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे. युनिकोडमध्ये लिहिणे हा पहिला. वर्डमध्येही ते करता येते. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमध्येही मजकूर कॉपी करताना ऱ्हस्व वेलांटी कधी कधी जागा सोडते. त्यामुळे अंतिम पीडीएफमधील एखादा परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा. 'झीटेक'मध्ये मूळ मजकूर पीडीएफच्या आत जोडून ठेवण्याची एक आज्ञा आहे, ती चालू केली की ही अडचण बरीच कमी होते.

मार्गदर्शकांना वर्डचीच फाइल हवी असेल तर?

हा सर्वांत व्यावहारिक अडसर आहे. अनेक मार्गदर्शक वर्डमधील 'ट्रॅक चेंजेस' वापरून दुरुस्त्या करतात. त्यांना लेटेक शिकायला सांगणे विद्यार्थ्याच्या हातात नसते. काही नियतकालिकेही शोधनिबंध वर्डमध्येच मागतात. शिवाय सल्लागार समितीतील प्रत्येक सदस्याची पद्धत वेगळी.

म्हणून सुरुवात करण्यापूर्वी मार्गदर्शकांना एक साधा प्रश्न विचारावा : 'सर, दुरुस्त्या छापील प्रतीवर किंवा पीडीएफवर केल्या तर चालेल का?' उत्तर 'हो' असेल तर मार्ग मोकळा. पीडीएफवर टिपा लिहिता येतात आणि 'लेटेकडिफ' हे साधन दोन आवृत्त्यांतील फरक रंगवून दाखवते. उत्तर 'नाही' असेल तर वर्डच बरे. 'पॅनडॉक' हे मोफत साधन लेटेकची वर्ड फाइल करून देते, पण गुंतागुंतीचे तक्ते त्यात मोडतात. दर आठवड्याला ते दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी चौकशी विद्यापीठाच्या नमुन्याची. समास, ओळींतील अंतर, मुखपृष्ठ, प्रमाणपत्रांचा क्रम हे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते. नियमावली विभागातून आधी मिळवावी. इंटरनेटवरील परदेशी विद्यापीठाचा देखणा साचा उचलून त्यात दीडशे पाने लिहिली आणि शेवटी समास जुळेना, असे होऊ नये. एखाद्या वरिष्ठ विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या नियमांनुसार साचा बनवला असेल, तर तो पुढच्या तुकडीला द्यावा. वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे काम आहे हे.

लॅपटॉप आणि इंटरनेट कितपत लागते?

दोन पर्याय आहेत. 'ओव्हरलीफ' हे संकेतस्थळ ब्राउझरमध्येच चालते, काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, मित्राच्या लॅपटॉपवर, कोठूनही तीच फाइल उघडते. मोबाइलवरही उघडते, पण लहान पडद्यावर दोन-चार शब्दांची दुरुस्ती करण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. मोफत खात्यात कंपाइल होण्याच्या वेळेला आणि सहलेखकांच्या संख्येला मर्यादा आहेत. चित्रांनी भरलेला पूर्ण प्रबंध त्या वेळेत न बसण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवून एका वेळी एकच कंपाइल करता येते.

दुसरा पर्याय 'टेक लाइव्ह' किंवा 'मिकटेक' आपल्याच संगणकावर बसवणे. 'टेक लाइव्ह'चा पूर्ण संच काही जीबींचा आहे, तर 'मिकटेक' लागेल तसे पॅकेज उतरवते. गावाकडे इंटरनेट अधूनमधून मिळते अशांनी विद्यापीठाच्या नेटवर संच एकदाच उतरवून घ्यावा. पुढे नेटशिवाय काम चालते. कोणताही पर्याय घेतला तरी दर आठवड्याला फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन ठेवावी.

मराठीतून शिकण्याची सोय आहे का?

आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लेटेकचे छोटे व्हिडिओ आहेत आणि ते मराठी आवाजातही उपलब्ध आहेत. पत्रलेखन, अहवाल, समीकरणे, तक्ते व आकृत्या, संदर्भसूची असे विषय त्यांत येतात. एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहणे, अशी त्यांची रचना आहे. हेडफोन लावून वसतिगृहातही शिकता येते. इंग्रजी वाचता येत असेल तर भारतीय 'टेक' वापरकर्त्यांच्या गटाने २००३ मध्ये तयार केलेली प्राथमिक पुस्तिकाही मोफत मिळते.

कोणी शिकावे, कोणी शिकू नये?

आचार्य पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनी जरूर शिकावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने शिकायचे असेल तर पहिल्याच वर्षी, सेमिनारच्या अहवालापासून सुरुवात करावी. दहा-पंधरा पानांचा तो अहवाल सरावासाठी उत्तम असतो. चुकला तरी नुकसान मोठे नाही.

कामाचा क्रम असा ठेवता येईल. पहिल्या आठवड्यात शीर्षक, उपशीर्षक, परिच्छेद, याद्या आणि टक्क्यासारखी खास चिन्हे. दुसऱ्या आठवड्यात एक आकृती आणि एक तक्ता, त्यांच्या खूणचिठ्ठ्या आणि उल्लेख. तिसऱ्या आठवड्यात दहा संदर्भांची फाइल आणि सूची. चौथ्या आठवड्यात विद्यापीठाच्या नियमांनुसार समास, पान क्रमांक, मुखपृष्ठ. रोज एक तास दिला तर महिन्याभरात सेमिनारचा अहवाल पूर्ण होऊ शकतो. त्यानंतर प्रबंधासाठी नवे शिकावे लागते ते थोडेच.

ज्यांना सहा आठवड्यांत प्रबंध द्यायचा आहे, ज्यांचे मार्गदर्शक वर्डशिवाय दुसरे काही पाहणार नाहीत, किंवा ज्यांच्या प्रबंधात समीकरणे, आकृत्या आणि तक्ते मोजकेच आहेत, त्यांनी लेटेकच्या नादी लागू नये. शेवटच्या महिन्यात नवे साधन शिकणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल शिकवायला घेणे. लेटेकमुळे संशोधन चांगले होत नाही आणि ओबडधोबड वर्ड फाइलमुळे चांगले संशोधन वाईट ठरत नाही.

मात्र साधन कोणतेही असो, एक गोष्ट प्रत्येकाने सांभाळावी. प्रबंधाची मूळ, संपादन करता येणारी फाइल युनिकोडमध्ये आणि स्वतःच्या ताब्यात असली पाहिजे. डीटीपी सेंटरवर टंकलेखन करून घेतले असेल तर फक्त छापील प्रती आणि पीडीएफ न घेता मूळ फाइलही मागून घ्यावी. तोंडी परीक्षेनंतरच्या दुरुस्त्या, त्याच आकड्यांवर लिहायचा शोधनिबंध आणि पुढच्या नोकरीसाठी लागणारा सारांश, या सगळ्यांसाठी तीच फाइल उघडावी लागते.